खालच्या पुलापाशी

टेबलावर नकाशा पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बरणी, पास्टीची बशी,
रेइनोचा चष्मा (म्हणून तो अंदाजानंच वाचतोय)
आणि माझा कॉफीचा मग,
मला न विचारता घेतलेला.

सुपीरियरवरचा वारा अजून खिडकी हलवतोय,
अंगणात गुडघाभर बर्फ,
मासे पाण्यात, पाणी बर्फाखाली,
आणि हे दोघे वाटणीवर आलेत.

नदी नकाशावर केसाएवढी.
रेइनोच्या एका बोटाखाली तिची तीन वळणं झाकतात.
"इथे बीव्हरचा बांध. कॅनू उचलून न्यावी लागेल."
"तू उचलणार?" आर्व्हिड विचारतो.
रेइनो स्वतःच्या गुडघ्याकडे बघतो,
उधारी बुडवणाऱ्याकडे बघावं तसा.

मग पाणी किती असावं, यावर अर्धा तास.
लोखंडी पुलाच्या खांबाला सहा बोल्ट.
चार दिसले तर उत्तम,
पाच दिसले तर तळ खरवडणार,
तीनच दिसले तर घरी बसा, लाकडं फोडा.
हे माप माझ्या नवऱ्याचं.
व्हिल्यो गेला त्या एप्रिलात खांबच दिसत नव्हता.
त्याला घेऊन आम्ही दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

शेवटी येतो तो दरवर्षीचा प्रश्न.
नदी एकाच दिशेला जाते.
गाडी वरच्या पुलापाशी सोडली
तर संध्याकाळी माणसं खाली आणि गाडी वर.
म्हणून खाली कुणीतरी लागतं.

दोघेही नकाशात डोकं खुपसतात.
माझ्याकडे कुणी बघत नाही,
म्हणजे माझ्याबद्दलच चाललंय.

सव्वीस वर्षं खालच्या पुलापाशी मी.
ट्रक, थर्मास, अर्धा विणलेला मोजा.
त्यांना मासे, मला माश्या,
त्या काळ्या, कानामागे चावणाऱ्या.
"पाचला येतो" म्हणजे साडेसात.
आधी ऐकू येई कॅनू,
दगडावर ॲल्युमिनियम, मोरीत पातेलं पडल्यासारखं.
मग त्यांचं भांडण.
मग वळणावरून ते स्वतः,
पुढच्या पाटावर व्हिल्यो, हात वर करून मासा दाखवत,
किंवा हात वर करून,
मासा नाही हे दाखवत.

माझी नदी एवढीच: पुलाच्या अलीकडची पन्नास हात.
वरचे अकरा मैल मी नुसते ऐकलेत.
सीडर दोन्ही काठांवरून वाकून
एकमेकांच्या डोक्याला डोकं लावतात ती जागा.
झरा मिसळतो तिथे हात घातला
तर कोपरापर्यंत कळ जाते.
लाकूडतोड्यांची बुडालेली साखळी,
उन्हं तिरपी असली तरच दिसणारी.
हे सांगणारा आता नाही.
या दोघांना सांगता येत नाही,
ते फक्त वजनं सांगतात.

"कॅनू तुझ्याच गॅरेजात ना अजून?"
आर्व्हिड, अगदी सहज, पास्टी मोडत.

आहे.
काल रात्री मी तिच्यात बसले होते.
पालथी होती, एकटीनं सुलटी करायला पाऊण तास गेला.
कोट, टोपी, पुढचा पाट.
रिव्हेटपाशी त्यानं लावलेला डांबराचा ठिपका
अंगठ्यानं चाचपला. घट्ट आहे.
वल्हं मांडीवर आडवं.
गॅरेजची फरशी कुठे वाहून गेली नाही,
तरी मी बराच वेळ समोर बघत होते.

"आहे," मी म्हणते, "पण तिला पाट दोनच."

आता ते वर बघतात.
हिशेब सोपा आहे. वेळ लागतो.
रेइनोचा गुडघा. आर्व्हिडचे खांदे.
वीस कॉर्ड लाकूड रचलेले माझे हात.

मी माझा मग उचलते.
नकाशाचा तो कोपरा सरसर गुंडाळत येतो
आणि खालचा पूल आत जातो.

"थर्मास भरून देईन," मी रेइनोला सांगते,
"माश्यांसाठी तेल पण.
पाच म्हणजे पाच धर.
फार तर आठ."